‘ताबा’ आणि ‘श्रवण’ : बिनतारी कायद्याच्या परिभाषेचा टीकात्मक विचार

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद खास आगगाडीने अहमदनगरला आणले गेले व तेथील भुईकोट किल्ल्यात त्यांना डांबण्यात आले. नेहरू, पटेल, आझाद, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव आदी मंडळी त्यांत होती. मौलाना आझादांच्या सामानात एक लहानसा रेडिओ होता. बाकीचे सामान त्यांच्याबरोबर आत गेले. रेडिओ मात्र अधिकाऱ्यांनी काढून घेतला आणि सुटकेपर्यंत तो त्यांच्या दृष्टीस पडला नाही, अशी नोंद १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या आत्मकथनात आहे. प्रारंभीचे काही आठवडे वर्तमानपत्रेही आत येऊ दिली नव्हती.

हा प्रसंग तुरुंगाच्या शिस्तीचा आहे, बिनतारी कायद्याचा नव्हे. तरीही त्या कायद्याचा मूळ स्वभाव समजण्यास तो उपयोगी पडतो. या यंत्रावर आझाद काय ऐकणार, ऐकलेल्याचा ते काय उपयोग करणार, असे कोणी विचारले नाही. यंत्र काढून घेतले की प्रश्न संपला. भारतातील बिनतारी संदेशवहनाचा कायदाही १९३३ पासून याच रीतीने विचार करीत आला आहे. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका अशा तातडीच्या सेवांच्या कंप्रतांवरील संभाषण ऐकणे अथवा त्या कंप्रतांवरून बोलणे वैध की अवैध, हा प्रश्न अलीकडे स्वस्त यंत्रांच्या सुळसुळाटामुळे वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देताना सामान्यतः दोन्ही कृत्ये एकाच वाक्यात निषिद्ध म्हणून सांगितली जातात. या दोहोंची गाठ कायद्याच्या परिभाषेने घातली आहे, वस्तुस्थितीने नव्हे. ही परिभाषा जेथे तयार झाली तेथपर्यंत मागे गेल्याशिवाय तिचे दोष ध्यानात येत नाहीत.

१८८५ चा तार अधिनियम तारांच्या युगातला. संदेशाची गुप्तता राखण्यासाठी त्याने ज्या कृत्यांना शिक्षा सांगितली ती सर्व अंगाला माती लागणारी कृत्ये आहेत. २५ वे कलम पाहावे. संदेश मध्येच पकडण्याच्या किंवा त्याचा आशय जाणून घेण्याच्या हेतूने जो कोणी बॅटरी, यंत्र, तार, खांब वा तारयंत्रणेचा कोणताही भाग मोडील, काढील, त्यात ढवळाढवळ करील किंवा त्यास स्पर्श करील, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास. हेतू सूक्ष्म आहे, पण कृत्य स्थूल आहे. चोर खांबावर चढला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७२ साली याच कलमाचा अर्थ लावला. मुंबईतील त्या प्रकरणात दूरध्वनीवर बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने ध्वनिमुद्रणयंत्र जोडून पोलिसांनी संभाषण टिपले होते. ज्याचा दूरध्वनी त्याचीच संमती असल्यामुळे यंत्रणेत ढवळाढवळ झाली असे म्हणता येत नाही आणि २५ व्या कलमाचा भंगही होत नाही, असा निर्णय झाला. हे तर्कशास्त्र तारेला शोभते. बिनतारी लहरींचे काय? पोलीस ठाण्याच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर भिंती ओलांडून कोणाच्याही माजघरात शिरते. ती पकडणाऱ्याने खांब हलविलेला नसतो, तारेला हात लावलेला नसतो. संदेशच त्याच्याकडे चालत आलेला असतो. १८८५ च्या शब्दांनी त्याला अपराधी ठरविणे कठीण होते.

ही उणीव १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने भरून काढली. पण वाट आडवी काढली. ऐकण्याच्या कृत्याकडे त्याने पाहिलेच नाही. त्याच्या तिसऱ्या कलमाने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र ‘ताब्यात’ ठेवण्यास मनाई केली आणि सहाव्या कलमाने शिक्षा सांगितली. ज्या घरावर वा जागेवर एखाद्याचा अधिकार चालतो तेथे यंत्र सापडल्यास ते त्याच्याच ताब्यात आहे असे गृहीत धरण्याचीही सोय केली. साधा नभोवाणीचा संचसुद्धा याच व्याख्येत बसत असल्यामुळे कित्येक दशके घरोघरच्या रेडिओला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागे. गाणी ऐकणारी गृहिणी व पोलिसांचे बोलणे ऐकणारा उचापती मनुष्य यांच्यात कायद्याच्या भाषेपुरता फरक नव्हता. दोघांच्याही ताब्यात यंत्र होते. परवाना असला म्हणजे झाले.

तथापि या कायद्याच्या शिक्षेच्या तक्त्यात एक गोष्ट न्याय्य होती आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. केवळ ग्राहक यंत्र विनापरवाना बाळगल्यास पहिल्या अपराधाला १०० रुपयांपर्यंत दंड होता व पुढील अपराधांना २५० रुपयांपर्यंत. प्रेषक यंत्रासाठी मात्र स्वातंत्र्यानंतर १९४९ साली जोडलेल्या उपकलमाने तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले. म्हणजे ऐकणाऱ्याची वस्तू आणि बोलणाऱ्याची वस्तू यांत कायद्याने जमीनअस्मानाचे अंतर मानले होते. वस्तूंच्या द्वारेच का होईना, कृत्यांतील भेद त्याला दिसला होता असे म्हणावयास हरकत नाही.

हा भेद का मानला पाहिजे हे पाहण्यासाठी नगर जिल्ह्याच्याच भूगोलाकडे वळावे. अकोले तालुक्याच्या सीमेवर कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. तातडीच्या सेवा ज्या अतिउच्च कंप्रता वापरतात त्या लहरी साधारणतः नजरेच्या रेषेत जातात. म्हणून उंची हेच त्यांचे बळ. भोवतालचा मुलूख सुमारे ६०० मीटर उंचीवर धरला तरी शिखरावरून निघालेली लहर सपाटीवर शंभराहून अधिक किलोमीटर जाऊ शकते. आता पोलिसांच्या बिनतारी संभाषणाची रीत ध्यानात घ्यावी. एका कंप्रतेवर एका वेळी एकानेच बोलावयाचे, कळ दाबली की इतरांनी ऐकावयाचे, कळ सोडली की दुसऱ्याने बोलावयाचे. ही एकेरी पाऊलवाट आहे. शिवाय कंप्रतानिर्धारित पद्धतीच्या ग्राहकात दोन संदेश एकदम आले तर प्रबळ असेल तोच उमटतो व दुर्बळ दाबला जातो. पाच वॅटचे हातातले यंत्र घेऊन शिखरावर उभा राहिलेला एखादा हौशी तरुण थट्टेने कळ दाबील, तर खाली भंडारदऱ्याच्या बाजूस वा सीमेपलीकडील इगतपुरीत अपघाताची वर्दी देणाऱ्या शिपायाचा आवाज त्याच क्षणी नाहीसा होऊ शकतो. आणि आपला आवाज पोहोचला नाही हे त्या शिपायालाही लगेच कळणार नाही. येथे हेतू निरागस असून भागत नाही. तातडीच्या कंप्रतेवर अनधिकृतपणे बोलणे हे रुग्णवाहिकेच्या वाटेत गाडी उभी करण्यासारखे असून त्यास कठोर शिक्षा असावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

ऐकणाऱ्याने मात्र वाट अडविलेली नसते. एकाने ऐकले काय आणि हजारांनी ऐकले काय, लहर क्षीण होत नाही व शिपायाच्या आवाजात काडीचाही फरक पडत नाही. ऐकण्याने अपाय होतो तो पुढच्या पावलावर. म्हणजे ऐकलेले दुसऱ्याला सांगितले जाते, छापले जाते, किंवा त्याच्या आधारे चोर पळतो तेव्हा. १ सप्टेंबर १९३९ रोजी नाझी जर्मनीने परकीय नभोवाणी ऐकण्यास बंदी करणारा जो वटहुकूम काढला तो श्रवणालाच गुन्हा ठरविणाऱ्या कायद्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध म्हणावा लागेल. पण त्यातही नुसत्या ऐकण्याची शिक्षा वेगळी व ऐकलेले पसरविण्याची वेगळी होती. पसरविणाऱ्याला देहान्तापर्यंत शिक्षा होऊ शके. इतक्या क्रूर कायद्यालाही जो भेद सोडवला नाही तो भारतीय अधिनियमांत शब्दरूपाने कोठेच येऊ नये, हे विलक्षण आहे.

ऐकणे व बोलणे यांचे परस्परसंबंध किती गुंतागुंतीचे असतात ते मुंबईच्या १९४२ च्या प्रसंगात चांगले दिसते. पुढारी नगरच्या किल्ल्यात असताना मुंबईत ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. उषा मेहता व त्यांचे सहकारी जवळजवळ रोज जागा बदलून प्रक्षेपण करीत. पोलीस ते रात्रंदिवस ऐकत, उतरवून घेत आणि माग काढीत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. प्रेषक यंत्र उभारण्यात ज्याचा हात होता त्याच तंत्रज्ञाने ठिकाण दाखविले होते. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, विठ्ठलदास तथा बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची. पुढे उषाबेन मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. या इतिहासातील एक योगायोग अभ्यासकांनी विसरू नये : त्या प्रक्षेपणांतील बराच मजकूर आज उपलब्ध आहे तो मुख्यतः पोलिसांच्या श्रवणनोंदींमुळे. बोलणारे अवैध होते, ऐकणारे सरकारी होते, आणि ऐकणाऱ्यांच्या वह्यांनी बोलणाऱ्यांना इतिहासात जागा दिली.

सरकारच्या श्रवणाला पुढे न्यायालयांनी मर्यादाही घातल्या. दूरध्वनी चोरून ऐकण्याविषयीच्या लोकस्वातंत्र्य संघटनेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असे ठरविले की दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगी जीवनाच्या हक्काचा भाग असून गृहसचिवांच्या लेखी आदेशावाचून व परीक्षणसमितीवाचून ते ऐकता येणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे तत्त्व याच न्यायालयाने मांडले होते. शासनाने नागरिकाचे ऐकावे कधी, याचे नियम अशा रीतीने तयार झाले. नागरिकाने शासनाचे ऐकावे कधी, या उलट्या प्रश्नाकडे मात्र कोणी वळले नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेला दूरसंचार अधिनियम हे काम करू शकला असता. १८८५ व १९३३ च्या दोन्ही अधिनियमांची जागा घेण्यासाठी तो केला गेला व जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अंमलात येऊ लागला. पण त्याच्या तिसऱ्या कलमात रेडिओ उपकरण ‘ताब्यात’ ठेवण्यासाठी प्राधिकार हवा ही जुनीच भाषा आहे. आणि २६ जून २०२४ पासून लागू झालेल्या ४२ व्या कलमात संदेश बेकायदा मध्येच पकडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हीच शिक्षा विनापरवाना संपूर्ण दूरसंचार जाळे उभारणाऱ्यालाही आहे. मध्येच पकडणे म्हणजे काय, याची फोड व्याख्यांच्या कलमात नाही. खुल्या कंप्रतेवर निःसंकेत चाललेले संभाषण कानी पडणे हे ‘पकडणे’ होते काय? हेतू लागतो काय? १०० रुपयांच्या दंडापासून दोन कोटींपर्यंत मजल गेली, परंतु १९३३ च्या तक्त्यात जो एक भेद होता तोही या प्रवासात गळून पडला.

इतर देशांनी या बाबतीत निश्चित शब्द वापरले आहेत. ते सर्व अनुकरणीय आहेत असे नव्हे. ब्रिटनच्या २००६ च्या बिनतारी अधिनियमाने, जो संदेश आपल्यासाठी नाही त्याचा आशय जाणून घेण्याच्या हेतूने यंत्र वापरणे हा गुन्हा ठरविला आणि आशय उघड करणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरविला. अमेरिकेत १९३४ च्या संदेशवहन अधिनियमाचा भर संदेश पकडून उघड करण्यावर होता. १९८६ च्या कायद्याने तर पोलीस व अग्निशमन दलाचे सर्वांस सहज ऐकू येणारे संभाषण ऐकणे स्पष्टपणे वैध ठरविले, मग काही राज्यांनी मोटारीत असे ग्राहक ठेवण्यावर बंदी घातली तो भाग वेगळा. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीचे १७ वे कलम, सर्वसामान्य जनतेसाठी नसलेला संदेश अनधिकृतपणे पकडणे व उघड करणे या दोहोंस प्रतिबंध करण्याचे बंधन राष्ट्रांवर घालते. भारतही त्यास बांधलेला आहे. म्हणून ‘ऐकणे पूर्ण मोकळे करा’ हे म्हणणे टिकणार नाही. पण बंधन घालणे आणि सर्व कृत्यांना एकाच मापाने मोजणे या भिन्न गोष्टी होत.

श्रवणाला मुभा देण्याविरुद्ध दोन आक्षेप बलवान आहेत. पहिला आजारी व पीडित माणसाच्या खाजगीपणाचा. रुग्णवाहिकेच्या बिनतारी संभाषणात नाव, गाव, व्याधी येते. अत्याचाराच्या वर्दीत त्याहून अधिक येते. गावच्या चावडीवर कोणी ते ऐकत बसावे हे कोणालाही रुचणार नाही. या आक्षेपाचे खरे उत्तर ऐकणाऱ्याच्या शिक्षेत नसून बोलणाऱ्याच्या यंत्रात आहे. सांकेतिक अंकीय पद्धतीने संदेश पाठविला तर सामान्य ग्राहकाला तो उमगत नाही. गुप्तता राखावयाची ती यंत्रणेने राखावी. उघड्यावर मोठ्याने बोलून शेजाऱ्याने कान झाकावेत अशी अपेक्षा कायद्याने करू नये.

दुसरा आक्षेप गुन्हेगारांच्या फायद्याचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याचे उदाहरण या संदर्भात नेहमी पुढे केले जाते, परंतु ते नीट तपासले जात नाही. सीमेपलीकडून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांना जी माहिती मिळाली ती दूरचित्रवाणीच्या थेट प्रक्षेपणातून. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रक्षेपणावरच कडक ताशेरे ओढले. म्हणजे अपाय झाला तो परवानाधारक, सर्वस्वी वैध माध्यमाकडून, आणि झाला तो माहिती पसरविल्यामुळे. त्याच रात्रीच्या संदर्भात दुसरी घटना अधिक विचारणीय आहे. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली मुंबई पोलीस नियंत्रण कक्षाच्या संभाषणनोंदी मिळविल्या आणि पतीच्या अखेरच्या क्षणांविषयीचे आपले प्रश्न त्यांच्या आधारे २००९ च्या ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात मांडले. मदत कोणी मागितली, कधी मागितली, उत्तर काय मिळाले, हे जाणण्याचा हक्क एका विधवेला होता हे कोण नाकारील? त्या क्षणी ऐकणे धोक्याचे असेल. घटना संपल्यावर तेच संभाषण उत्तरदायित्वाचा पुरावा होते. काळाचा हा भेदही ‘ताबा’ या शब्दात मावत नाही.

लोक ऐकू इच्छितात ते बहुधा कुतूहलापोटी नव्हे, भयापोटी. दरोड्याची रात्र, उसात शिरलेला बिबट्या, गोदावरी वा प्रवरेला आलेला पूर, अशा वेळी पोलीस काय बोलत आहेत हे कळावे असे गावकऱ्यास वाटते. नाशिक, अहमदनगर व पुणे जिल्ह्यांतील गावांत ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ राबविली गेली ती याच गरजेतून. एका क्रमांकावर एकाने वर्दी दिली की गावातील सर्वांच्या भ्रमणध्वनीवर ती त्याच्याच आवाजात ऐकू यावी, अशी ती योजना. येथे कोणी पोलिसांच्या कंप्रतेत कान घातला नाही. ऐकण्याची वैध वाट मिळाल्यावर आडवाटेची गरज उरली नाही. डोंगरयात्रेकरूंचेही तसेच. हरिश्चंद्रगडावर भ्रमणध्वनी पोहोचत नाही तेथे दोन तुकड्यांना एकमेकांशी बोलावयाचे असते. त्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी २०१८ च्या नियमांनी परवानामुक्त केला आहे. अडचण अशी की बाजारात त्याच किमतीला मिळणारी बरीच यंत्रे या पट्ट्यात थांबत नाहीत. कळ फिरविली की ती पोलिसांच्या कंप्रतेवरही बोलू शकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये संगणकीय बाजारपेठांना अशा वॉकीटॉकींच्या विक्रीबद्दल नोटिसा दिल्या व मार्गदर्शक नियम काढले ते योग्यच झाले. विकणाऱ्याला न विचारता केवळ विकत घेणाऱ्याला ताब्याबद्दल धरण्याची रीत फारच एकांगी होती.

उरतो तो अपवादात्मक प्रसंग. पुराच्या पाण्यात अडकलेल्या माणसाच्या हाती एखादे प्रेषक यंत्र आहे, परवाना नाही, इतर कोणताही मार्ग नाही. त्याने पोलिसांच्या कंप्रतेवर मदत मागावी काय? आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते की संकटात सापडलेल्या केंद्राने लक्ष वेधण्यासाठी हाती असलेले कोणतेही साधन वापरण्यास नियमांची आडकाठी नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हौशी बिनतारी केंद्रचालकांनी जे कार्य केले त्यामागे हीच परंपरा आहे. भारतीय अधिनियमाच्या शिक्षेच्या कलमात मात्र असे अभयवचन नाही. आरोपीला भारतीय न्याय संहितेच्या १९ व्या कलमाचा, म्हणजे मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावाने केलेल्या कृत्याच्या बचावाचा आधार घ्यावा लागेल; तो बहुधा मिळेलही. पण बुडणाऱ्या माणसाला न्यायालयात जाऊन मिळणारा बचाव आणि अधिनियमातच छापलेले वाक्य यांत अंतर आहे. याउलट खोटी हाक देणाऱ्यासाठी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या ५४ व्या कलमाची शिक्षा आहेच. तेथे कायद्याने यंत्राकडे न पाहता कृत्य व त्याचा परिणाम यांकडे पाहिले, म्हणून ते कलम आजही वाचताना अडखळावे लागत नाही.

‘ताब्या’ची कसोटी आता व्यवहारातही निकामी होत आहे. दूरचित्रवाणीच्या ग्रहणासाठी बनविलेली, संगणकाला जोडावयाची बोटभर लांबीची कांडी काहीशे रुपयांपासून मिळते. तिला एक आज्ञावली जोडली की ती विस्तृत पट्ट्यातील कोणतीही कंप्रता ऐकू शकते. १९३३ च्या व्याख्येने इतर विद्युत्कार्यासाठी सामान्यतः वापरले जाणारे उपकरण, खास बिनतारी कामासाठी घडविले वा बदलले नसेल तर, वगळले होते. या जोडणीत खास घडविलेला भाग कोणता? कांडी चित्रे पाहण्यासाठी आहे, संगणक हिशेबासाठी आहे, आणि आज्ञावली ही वस्तूच नव्हे. पंचनामा करणाऱ्या अधिकाऱ्याने जप्तीच्या यादीत नेमके काय लिहावयाचे?